घरच्या इंकजेट फोटोला चकाकीचा हात : शाई, कागद आणि खान्देशची हवा

घरच्या इंकजेट प्रिंटरमधून नुकताच बाहेर आलेला फोटो समोरून पाहिला तर बहुतेक वेळा मनासारखाच दिसतो. त्याची परीक्षा घ्यायची असेल, तर तो ट्यूबलाइटखाली धरून हळूहळू तिरपा करावा आणि ट्यूबलाइटची पांढरी रेघ फोटोवरून कशी सरकते ते पाहावे. सारंगखेड्याच्या यात्रेत मी टिपलेला एका काळ्या घोड्याचा फोटो या परीक्षेसाठी माझा कायमचा नमुना झाला आहे. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठची सकाळ पांढुरकी असते, त्यामुळे फोटोत एकीकडे जवळजवळ कोरा कागद वाटावा असे आकाश आहे आणि दुसरीकडे घोड्याची तुकतुकीत काळी पाठ. एका मित्राच्या पिगमेंट शाईच्या (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईच्या) प्रिंटरवर हा फोटो ग्लॉसी कागदावर काढला, तेव्हा ट्यूबलाइटची रेघ आकाशातून येताना एका जातीची होती आणि पाठीच्या कडेशी येताच ती तुटून दुसऱ्याच जातीची झाली. शिवाय काळ्या भागावर पितळेच्या जुन्या भांड्यावर दिसते तशी तांबूस झाक उमटली. हा दोष झाकण्यासाठी, आणि काही फोटोंना ओल, बोटांचे डाग व हवेपासून जपण्यासाठी, वरून पारदर्शक चकाकीचा थर दिला जातो. तो घरच्या घरी कसा द्यावा, कोणत्या फोटोला देऊ नये आणि आमच्या खान्देशच्या हवेत तो कधी फसतो, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

चकाकी तुटते ती का

चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांच्यासारखे छायाचित्रकार ज्या काळात अंधारखोलीत फोटो तयार करत, त्या काळी स्टुडिओत ग्लॉसी फोटो ओला असतानाच क्रोमचा मुलामा दिलेल्या गरम पत्र्यावर पालथा दाबून बसवण्याची पद्धत होती. वाळला की तो पत्र्यावरून आपोआप सुटे आणि काचेसारखा चमके. त्या फोटोत चित्र जिलेटिनच्या थराच्या आत असे, त्यामुळे काळा भाग असो वा पांढरा, वरचा पृष्ठभाग सगळीकडे एकच असे आणि चकाकीही एकसारखी राही.

इंकजेटमध्ये शाईनुसार दोन वेगळ्या गोष्टी घडतात. डाय इंकमध्ये रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदावरच्या लेपात मुरतो आणि वर कागदाचीच मूळ चकाकी शिल्लक राहते. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते मुरत नाहीत, लेपावर बसतात. जेथे शाई भरपूर पडते तेथे कणांचा थर, जेथे आकाश पांढरे आहे तेथे उघडा कागद, आणि मधल्या छटांमध्ये दोहोंची सरमिसळ, असा एकाच फोटोत तीन तऱ्हांचा पृष्ठभाग तयार होतो. रेघ तुटते ती यामुळे, आणि तांबूस झाकही या कणांवरून परतणाऱ्या प्रकाशाचीच असते.

म्हणून पिगमेंटच्या फोटोवर पारदर्शक थर फोटो चांगला दिसण्यासाठी लागतो, तर डाय इंकच्या फोटोवर तो मुख्यतः टिकण्यासाठी लागतो. हा भेद ध्यानात न घेता लोक वॉर्निश फासतात आणि मग शाईला दोष देतात.

आपली शाई कोणती, कागद कोणता

घरोघरी आणि छोट्या स्टुडिओत दिसणारे एप्सनचे एल८०५, एल१८०० किंवा त्यांच्या जागी आलेले एल८०५०, एल१८०५० हे सहा रंगांचे टाकीवाले प्रिंटर डाय इंकचे आहेत. कॅननच्या जी मालिकेतील साध्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि रंगीत शाया डाय, अशी मिसळ असते. मात्र कागदाच्या प्रकारात ग्लॉसी फोटो पेपर निवडला, की काळा रंग बहुतांशी रंगीत शायांच्या मिश्रणातून तयार होतो. तोच कागद ‘प्लेन पेपर’ म्हणून छापला तर पिगमेंट काळी शाई ग्लॉसी लेपावर न मुरता तशीच बसते आणि बोट लागताच पसरते. फोटो दोन दिवसांनीही काळ्या जागी चिकट लागत असेल, तर पहिला संशय या सेटिंगवर घ्यावा.

बाजारातून सुटी शाई आणून टाकी भरली असेल, तर मात्र प्रिंटरच्या नावावर विसंबून राहू नये. साध्या ए४ कागदावर प्रत्येक रंगाची एक जाड पट्टी छापावी, दिवसभर वाळू द्यावी आणि प्रत्येक पट्टीवर पाण्याचा एक थेंब ठेवून मिनिटभराने टिपकागदाने टिपावा. डाय इंक पाण्याबरोबर पसरते आणि टिपकागद रंगतो. पिगमेंट जवळपास जागची हलत नाही.

कागदासाठी एक कोपरा फाडून पाहणे पुरते. स्वस्त ग्लॉसी कागद कार्डशीटसारखा सरळ फाटतो आणि आत नुसते कागदी तंतू दिसतात. आरसी (रेझिन कोटेड, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेला) म्हणून विकला जाणारा फोटो पेपर फाटताना प्लास्टिकची पातळ कातडी ताणली जाते. पहिल्या प्रकारावर द्रावक (राळ विरघळवणारा, नंतर उडून जाणारा द्रव) असलेला जड थर दिला की तो काही वेळा आत झिरपतो आणि फोटोवर तेलकट धब्बे दिसतात. दुसरा प्रकार थर चांगला पेलतो. ज्या फोटोवर आपण एवढी मेहनत घेणार आहोत, त्यासाठी २६०–२७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) आरसी कागद घेणे शेवटी स्वस्तच पडते.

कोणत्या फोटोला थर देऊ नये

काचेच्या फ्रेममध्ये जाणाऱ्या फोटोला माझ्या मते थर देण्याची गरज क्वचितच असते. काचेमागे चकाकीचा फरक जवळजवळ दिसत नाही, आणि फ्रेम मागून नीट बंद केलेली असेल तर फोटोवर खेळती हवाही राहत नाही. डाय इंक उघड्यावर फिकी पडण्यामागे हवेतील ओझोनचा मोठा हात असतो, विशेषतः सच्छिद्र लेपाच्या कागदावर. त्यापासून जपण्याचे काम काच परस्पर करते. थर द्यावा तो उघड्या लागणाऱ्या, हाताळल्या जाणाऱ्या, अल्बममध्ये न जाणाऱ्या फोटोंना.

दुसरे असे की, चांगल्या ग्लॉसी कागदावरच्या डाय इंकच्या फोटोवर हाताने दिलेला फवारा मूळ चकाकी बहुधा थोडी कमीच करतो, कारण कारखान्यात बनलेल्या गुळगुळीतपणाची बरोबरी स्प्रेचा डबा करू शकत नाही. तेव्हा संरक्षण हवे की आरशासारखी चमक हवी, हे आधी मनाशी ठरवावे. सॅटिन किंवा लस्टर (मंद चकाकीच्या) कागदावर गोष्ट उलटी होते: तेथे थरामुळे काळा रंग अधिक खोल दिसतो आणि फोटोला उठाव येतो. माझा घोडा मला लस्टर कागदावर थराचे दोन हात दिल्यावरच खरा काळा दिसला.

प्रिंटरमधूनच पडणारा थर

काही प्रिंटरमध्ये रंगांच्या जोडीला एक बिनरंगी द्रवाची कार्ट्रिज असते. एप्सनने २००४ च्या सुमारास आलेल्या स्टायलस फोटो आर८०० आणि पुढे आर१८०० मध्ये ‘ग्लॉस ऑप्टिमायझर’ दिले. कॅननने २०११ च्या पिक्स्मा प्रो-१ मध्ये आणि नंतरच्या प्रो-१००० व प्रो-३०० मध्ये ‘क्रोमा ऑप्टिमायझर’ दिले. हा द्रव जेथे शाई कमी पडली आहे तेथे पडून पृष्ठभागाची पातळी सारखी करतो, त्यामुळे चकाकी एकसंध दिसते आणि तांबूस झाक दबते.

ज्यांच्याकडे असा प्रिंटर आहे त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, या थरासाठी आपोआप आणि संपूर्ण असे पर्याय असतात. पांढरी चौकट ठेवून फोटो छापताना आपोआपचा पर्याय चौकट कोरी सोडू शकतो आणि मग फोटोच्या कडेलाच चकाकीची पायरी तयार होते. म्हणून उघड्यावर लावायच्या फोटोला संपूर्णचा पर्याय घ्यावा, मग ती कार्ट्रिज लवकर संपली तरी चालेल. दुसरे, मॅट कागदावर हा थर देण्यात अर्थ नसतो.

येथे एक इशारा स्पष्ट शब्दांत देणे भाग आहे. जुन्या टाकीवाल्या प्रिंटरच्या एखाद्या टाकीत वॉर्निश, लॅकर किंवा घरी पातळ केलेला कोणताही चिकट द्रव ओतण्याचा प्रयोग करू नये. प्रिंटहेडची छिद्रे केसापेक्षा बारीक असतात आणि अशा द्रवातली राळ त्यांत एकदा वाळली की हेड बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हौशी लोक जुना प्रिंटर केवळ बिनरंगी शाईसाठी राखून ठेवतात, ते चालते. पण ती शाई हेडसाठीच बनवलेली असावी लागते, हार्डवेअरच्या दुकानातली नव्हे.

फवाऱ्याआधीचे चोवीस तास

आपल्यापैकी बहुतेकांचे प्रिंटर बिनरंगी कार्ट्रिजविना असल्यामुळे थर द्यायचा तो स्प्रेच्या डब्यानेच. आणि या कामातील निम्म्याहून अधिक चुका डबा हाती घेण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

इंकजेटच्या शाईत पाण्याबरोबर ग्लायकोलसारखे सावकाश उडणारे द्रव असतात. फोटो बोटाला कोरडा लागला तरी हे द्रव लेपाच्या आत असतात आणि तासन्‌तास बाहेर पडत राहतात. त्यावर थर दिला की ते आत कोंडले जातात, मग कालांतराने थराखाली धुके दिसते किंवा थर सोलून निघतो. म्हणून छापलेला फोटो प्रथम सुमारे १५ मिनिटे पंख्याचा थेट वारा न लागणाऱ्या जागी उघडा ठेवावा. नंतर त्यावर साधा कोरा कागद पालथा घालून वर एखादे हलके पुस्तक ठेवावे. काही तासांनी तो कागद उचलून पाहिला तर तो लाटांसारखा वाकडा झालेला आढळेल. ती लाट म्हणजे फोटोतून निघालेला ओलावा. कागद बदलावा आणि पुन्हा झाकावे. कोरा कागद सपाट राहू लागला की फोटो तयार झाला असे समजावे. साध्या फोटोला हिवाळ्यात २४ तास पुरतात; घोड्यासारख्या काळ्याभोर फोटोला मी ४८ तास देतो आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. घरातले कोणी ना कोणी मध्ये घाई करतेच, तेव्हा ‘दम धर ना भो’ एवढेच उत्तर द्यावे.

उन्हाळ्यात एक फसवी गोष्ट घडते. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते, पण फोटो मात्र आपण कूलर चालू असलेल्या खोलीत वाळत घालतो. कूलर पाण्याचीच वाफ खोलीत सोडतो, त्यामुळे मे महिन्यातही त्या खोलीतला फोटो श्रावणातल्यासारखा वाळतो. फोटो दुसऱ्या, बिनकूलरच्या खोलीत ठेवावा.

हवा पाहून दिवस ठरवणे

एकच डबा खान्देशात वर्षभरात तीन तऱ्हांनी वागतो, आणि डब्यावर छापलेल्या सूचना मध्यम हवामान गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

माझा पहिला अपघात श्रावणातला. कानबाईच्या रोटासाठी (आमच्याकडच्या देवीच्या श्रावणातल्या उत्सवासाठी) सगळे भाऊबंद जमणार होते आणि आजीचा मोठा केलेला फोटो त्या दिवशी ओसरीत लावायचा होता. पावसाची उघडीप पाहून सकाळी फवारा मारला. पाच मिनिटांत आजीच्या गडद जांभळ्या लुगड्यावर ताकासारखा पांढुरका पडदा चढला. शाईला काहीच झाले नव्हते. डब्यातला द्रावक झपाट्याने उडताना ओला थर थंड पडतो, हवेत ओल भरपूर असेल तर तिचे बारीक थेंब त्या थंड थरावर जमतात आणि राळ पारदर्शक राहण्याऐवजी दुधाळ होते. स्टीलच्या पेल्यात थंड पाणी भरल्यावर बाहेरून घाम सुटतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

दुसरा अपघात पुढच्याच मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, भर दुपारी अंगणात झाला. या वेळी पडदा आला नाही, परंतु फोटोवर हात फिरवताच बारीक रवा सांडल्यासारखा खरखरीत स्पर्श लागला. तापलेल्या कोरड्या हवेत फवाऱ्याचे थेंब फोटोपर्यंत पोहोचण्याआधीच अर्धे वाळले होते. ते पसरून एकमेकांत मिसळण्याऐवजी कणांसारखे येऊन चिकटले. वर झळांबरोबर आलेली माती होतीच.

यावरून दिवस निवडण्याचा माझा नियम असा झाला आहे. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणि तापमान साधारण २० ते ३० अंश असताना काम करावे. आमच्याकडे दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सकाळी ऊन वर आल्यावर अशी वेळ सहज मिळते. मात्र थंडीत अगदी पहाटे, दव असताना, घाई करू नये. उन्हाळ्यात करायचेच झाले तर सूर्योदयानंतरचा पहिला तास घ्यावा, कारण त्या वेळी हवा त्यातल्या त्यात निवलेली आणि वारा पडलेला असतो. पावसाळ्यात शक्यतो डबा कपाटातच राहू द्यावा. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो आणि घ्यावाच. तो नसेल तर स्वयंपाकघरातील मिठाची बरणी उघडून पाहावी. मीठ हवेतील ओल साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर पाणी धरू लागते, म्हणजे मीठ ओलसर असेल तर त्या दिवशी फवाऱ्याचे नावही काढू नये. मीठ सुटे आहे म्हणून हवा योग्यच आहे, असे मात्र उलटे अनुमान काढता येत नाही.

जागा आणि खोका

काम मोकळ्या हवेत, पण वाऱ्यात नाही, अशा जागी करावे. ओसरी किंवा चारी बाजूंनी भिंत असलेले अंगण उत्तम. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात आतल्या खोलीत करू नये, कारण माळवदावर मांजर चालले तरी वरून मातीचे चार कण पडतात आणि नेमके ओल्या थरावर पडतात. अंगणात अर्धा तास आधी पाण्याचा सडा घालून जमीन निथळू द्यावी, म्हणजे धूळ उडत नाही.

फवाऱ्यासाठी पेटी म्हणून केळी भरण्याचा पुठ्ठ्याचा खोका चांगला चालतो. रावेर–फैजपूर पट्ट्यात तो मागितला की मिळतो. खोका आडवा करून त्याचे तोंड आपल्याकडे ठेवावे, आत ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि बाजूंना असलेली हवेची भोके चिकटपट्टीने बंद करावीत, नाहीतर तेथून झोत शिरून फवारा वाकडा होतो. फोटो मोठा असेल तर दोन खोके कापून जोडावेत. फोटोच्या पाठीला मास्किंग टेपची चार वेटोळी लावून तो फोटोपेक्षा मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि पुठ्ठा खोक्यात भिंतीला रेलून तिरपा उभा करावा. अगदी आडव्या फोटोवर नळीतून गळलेला थेंब सरळ मध्यभागी पडतो. अगदी उभ्या फोटोवर ओघळ येतात. फोटोच्या पृष्ठभागावर कापड फिरवू नये, मऊ रुंद ब्रशने किंवा हवेच्या फुग्याने धूळ झटकावी.

डब्यातील वायू आणि द्रावक दोन्ही पेट घेणारे असतात. जवळ गॅसची शेगडी, चूल, देवापुढचा दिवा, उदबत्ती, पेटती विडी यांतले काहीही नसावे, आणि लहान मुले व गरोदर बाई जवळ नसाव्यात. साधा कापडी किंवा एन-९५ मास्क थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. वारंवार काम करणाऱ्याने सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज असलेला मास्क घ्यावा.

डबा निवडताना ‘क्लिअर ग्लॉस’, ॲक्रिलिक आणि न पिवळणारा असे लिहिलेले पाहावे. लाकडावर देण्याचे तेलकट वॉर्निश वर्षा-दोन वर्षांत पिवळे पडते. पाण्यात मिसळणारे, ब्रशने देण्याचे वॉर्निश डाय इंकच्या फोटोवर मुळीच वापरू नये. ब्रशच्या पहिल्याच फटकाऱ्याला रंग त्याच्याबरोबर निघून येतो.

पहिला, दुसरा आणि तिसरा हात

मुख्य फोटोआधी एक चाचणी पट्टी करावी. त्याच कागदावर, त्याच सेटिंगने, फोटोतला सर्वांत काळा आणि सर्वांत उजळ भाग येईल अशी पट्टी छापावी, ती तेवढीच वाळवावी, अर्धी कागदाने झाकावी आणि उरलेल्या अर्ध्या भागावर फवारा द्यावा. झाकण काढल्यावर थरामुळे छटा किती गडद झाल्या ते दोन भाग शेजारी पाहून कळते. सावल्यांतला तपशील बुडत असेल तर संगणकावर सावल्या किंचित उजळून मगच मोठा फोटो काढावा.

डबा किमान दोन मिनिटे हलवावा. पहिला झोत नेहमी फोटोबाहेर, पुठ्ठ्यावर सोडावा, कारण नळीत साचलेला जाड थेंब त्या झोतातच बाहेर पडतो. डबा फोटोपासून २५ ते ३० सेंटिमीटरवर धरावा. वीतभर आणि त्यावर चार बोटे, एवढे अंतर हाताला सहज कळते. उन्हाळ्याच्या सकाळी मी ते वीतभरावर आणतो, म्हणजे थेंब वाटेत वाळत नाहीत. हात मनगटातून वळवू नये, तसे केल्यास मध्यभागी थर जाड आणि कडांना पातळ पडतो. संपूर्ण हात खांद्यातून, फोटोला समांतर सरकवावा. फवारा फोटोच्या कडेबाहेर सुरू करून पलीकडच्या कडेबाहेर थांबवावा आणि प्रत्येक नवी पट्टी आधीच्या पट्टीच्या एक-तृतीयांश भागावर चढवावी.

पहिला हात एवढा हलका असावा की तो दिल्यावर फोटो पूर्ण ओला दिसूच नये, फक्त धुक्यात धरल्यासारखा वाटावा. गाड्यांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकाकांनी मला हे शिकवले आणि ते शिकायला मला चार फोटो वाया घालवावे लागले, कारण पहिल्याच हाताला चमक पाहण्याचा मोह आवरत नाही. या हाताचे काम शाईला जागच्या जागी बांधून ठेवण्याचे असते. जड पहिला हात डाय इंकला हलवू शकतो आणि स्वस्त कागदात झिरपतो.

१५ मिनिटांनी पुठ्ठा चौथाई फिरवून दुसरा हात पहिल्या हाताला काटकोनात जाईल असा द्यावा. या वेळी फवारा जेमतेम एकसंध ओला दिसेल एवढा असावा. तिरपे पाहताना थेंब एकमेकांत मिसळून सपाट होत आहेत, हे डोळ्यांना दिसते. दिसले की थांबावे. आणखी एक पट्टी मारावीशी वाटते ती नेमकी ओघळ आणणारी पट्टी असते. पुन्हा १५–२० मिनिटांनी पुठ्ठा फिरवून तसाच तिसरा हात. लस्टर कागदाला दोन हात पुरतात, पिगमेंटच्या ग्लॉसी फोटोला तीन लागतात. चौथ्याची गरज भासली तर बहुधा आधीचे हात खरखरीत पडलेले असतात.

प्रत्येक हातानंतर खोक्याचे तोंड मोठ्या पुठ्ठ्याने अलगद झाकावे. शेवटच्या हातानंतर फोटो तासभर तेथेच राहू द्यावा आणि पुढचे २४ तास घरात, उघडा, कशाचाही स्पर्श न होता ठेवावा. या काळात फोटोवर फोटो रचला तर दोघांची पाठ-पोट जुळतात आणि सोडवताना एकाचे कातडे दुसऱ्याबरोबर येते.

बिघडलेले सुधारणे

दुधाळ पडदा आला तर फोटो फेकू नये. कोरड्या दिवसाची वाट पाहावी आणि त्याच डब्याचा एक हलका हात पुन्हा द्यावा. नवा द्रावक जुना थर किंचित विरघळवतो, अडकलेली ओल निघून जाते आणि पडदा बऱ्याच अंशी उतरतो. आजीचा फोटो दिवाळीनंतर असाच स्वच्छ झाला, लुगड्याच्या काठाशी एक पुसट ढग तेवढा राहिला. खरखरीत फोटोवरही जवळून दिलेला एक ओलसर हात उपयोगी पडतो, पण कण मोठे असतील तर ते चकाकीखाली अधिकच उठून दिसतात. ओघळ मात्र सुधारत नाही. पुसायला जाल तर शाईसह निघेल. बसलेली धूळ किंवा चिलट ओल्यात उचलू नये, पूर्ण वाळल्यावर सुईच्या टोकाने काढून वर हलका हात द्यावा.

फिल्मचा पर्याय

ज्यांना फवाऱ्याची कटकट नको, त्यांना कोल्ड लॅमिनेशन बरे. तालुक्याच्या गावातही स्टुडिओवाल्यांकडे रोलरचे यंत्र असते आणि ग्लॉसी फिल्म दाबाने चिकटते, उष्णता लागत नाही. फोटो तेथे नेण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण वाळलेला असावा, अन्यथा काही आठवड्यांनी काळ्या भागात रुपेरी बुडबुडे दिसू लागतात. ओळखपत्रांसाठीचे गरम पाऊच लॅमिनेशन आरसी कागदाच्या फोटोला लावू नये. त्यातील प्लास्टिकचा थर तापून फोड येण्याची भीती असते. फिल्मची चकाकी फवाऱ्यापेक्षा एकसारखी असते हे मान्य करायला हवे, मात्र ती सपाट प्लास्टिकसारखी दिसते आणि मला तरी घोड्याच्या पाठीवर ती नको वाटते.

काम संपल्यावर डबा उलटा धरून नुसता वायू बाहेर येईपर्यंत दोन-तीन सेकंद नळी दाबावी आणि तोंड फडक्याने पुसावे, म्हणजे पुढच्या वेळी ती तुंबत नाही. उरलेला डबा ५० अंशांच्या वर तापू देऊ नये अशी सूचना त्यावरच असते. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, गच्चीवरच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ही मर्यादा दुपारपर्यंत सहज ओलांडली जाते. तो घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगतच्या फडताळात, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.